थोडक्यात भागवणारी शरीरे

कार्ल लिनियसने १७५८ साली प्राणिसृष्टीची मांडणी केली, तेव्हा बेडूक, साप, सरडे, कासवे आणि मगरी या सर्वांना त्याने एकाच गटात टाकले आणि त्यांच्या थंड अंगाविषयी व मळकट कातडीविषयी आपली नापसंती उघडपणे नोंदवली. पुढे उभयचर आणि सरीसृप हे दोन स्वतंत्र वर्ग झाले, शास्त्र फार पुढे गेले, पण त्या नापसंतीचा अंश मात्र टिकून राहिला. आधी मासे, मग उभयचर, मग सरीसृप, त्यांच्यावर पक्षी आणि सर्वांत वर सस्तन प्राणी, अशी एक शिडी आपण शाळेपासून मनात बाळगतो. त्या शिडीवर बेडूक आणि साप अर्ध्यावर अडकलेले दिसतात. ज्यांना स्वतःचे अंग स्वतः गरम ठेवणे साधले नाही, उन्हापावसाच्या मर्जीवर ज्यांना जगावे लागते, असे काही तरी अपुरे राहिलेले प्राणी, ही आपली समजूत. ती चुकीची आहे असे मला ठामपणे वाटते. शरीराची उष्णता बाहेरून घेणे ही जगण्याची एक स्वतंत्र आणि विलक्षण काटकसरीची रीत आहे, आणि या प्राण्यांच्या शरीरक्रियांमध्ये जे जे आपल्याला अचाट वाटते, त्यातल्या बहुतेकांचे मूळ या काटकसरीत सापडते.

उष्णतेचा खर्च किती असतो ते आधी पाहू. सस्तन प्राण्याचे शरीर ही दिवसरात्र पेटती ठेवलेली चूल आहे. शिजवायला काही असो वा नसो, सरपण घालावेच लागते. तेवढ्याच वजनाचा सरडा विश्रांतीच्या अवस्थेत साधारण एक दशांश किंवा त्याहूनही कमी ऊर्जेवर भागवतो. चिचुंद्रीला काही तास उपाशी राहणे जिवावर बेतू शकते, तर अजगर महिनोन्‌महिने अन्नावाचून राहतो. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ हार्वी पॉ याने १९८०मध्ये एका गाजलेल्या लेखात या फरकाचा पुढचा अर्थ मांडला. सस्तन प्राणी आणि पक्षी पचवलेल्या अन्नातला अगदी थोडा, एखाददुसरा टक्काच अंश नव्या मांसात आणि पिलांत बदलतात, कारण बाकीचा सगळा अंग गरम ठेवण्यात जळून जातो. उभयचर आणि सरीसृप मात्र जवळजवळ निम्मा अंश शरीरात साठवतात. याचा पुरावा न्यू हॅम्पशरच्या हबर्ड ब्रूक जंगलात मिळाला होता. टॉमस बर्टन आणि जीन लायकन्स यांनी १९७५मध्ये दाखवून दिले, की तिथल्या पालापाचोळ्याखाली राहणाऱ्या सॅलमँडरांचे एकूण वजन ऐन विणीच्या हंगामातल्या सर्व पक्ष्यांच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भरते. जंगलात फिरणाऱ्याला पक्षी ऐकू येतात आणि सॅलमँडर दिसतही नाहीत, पण किडामुंगीचे मांसात रूपांतर करून ते साप, पक्षी आणि इतर शिकाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम हे मुके प्राणी फार कमी नासाडीत करतात. अपुरे राहिलेल्या प्राण्यांकडून हे घडत नसते.

काटकसरीचा परिणाम शरीराच्या आकारावरही होतो. उष्णता सांभाळायची तर शरीर फार बारीक किंवा फार लांबट असून चालत नाही, कारण वजनाच्या मानाने पृष्ठभाग वाढला की उष्णता झपाट्याने निसटते. जो उष्णता सांभाळतच नाही त्याला ही अट नाही. म्हणूनच साप दोरीसारखा असू शकतो, एक ग्रॅमही न भरणारा बेडूक असू शकतो, आणि सह्याद्रीच्या ओल्या मातीत बोटाएवढ्या जाडीचे, पाय नसलेले देवगांडूळ बीळ करून आयुष्य काढू शकते. देवगांडुळाला अनेक जण गांडूळच समजतात. प्रत्यक्षात ते बेडकाचे सगेसोयरे, पाठीचा कणा असलेले उभयचर आहे. मातीच्या फटींतली, दगडाखालची, सालीमागची ही जी चिंचोळी जागा आहे, ती सस्तन प्राण्यांना त्यांच्या उष्ण शरीरापायी जवळपास बंदच आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. खर्च कमी असेल, पण त्यापायी स्वातंत्र्य गेले त्याचे काय? हवा थंड झाली की सरडा सुस्त, ऊन चढले की चपळ. मग तो परिस्थितीचा गुलामच नाही का? रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्यासापांची तापमाने मोजून १९४४मध्ये जे मांडले, त्याने हा आक्षेप बराचसा निकालात निघाला. जागृत सरड्याचे शरीर हवेइतके गरम किंवा थंड नसते. उन्हाकडे अंग आडवे करणे, तापलेल्या दगडाला पोट चिकटवणे, भर दुपारी पाय ताठ करून जमिनीपासून वर उठणे, सावली आणि ऊन यांमध्ये ये-जा करणे, या सगळ्यांतून तो आपले तापमान एका अरुंद पट्ट्यात धरून ठेवतो, आणि अनेक जातींमध्ये तो पट्टा आपल्या स्वतःच्या तापमानाच्या फार जवळ असतो. पेरूच्या अँडीज पर्वतात ऑलिव्हर पिअर्सनने १९५४मध्ये पाहिले, की हवा गोठणबिंदूच्या आसपास असतानाही तिथला छोटा सरडा सकाळच्या उन्हात तीस अंशांच्या वर पोहोचतो. आपल्याकडे लडाखमध्ये चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर टोडहेड अगामा नावाचे सरडे राहतात. त्यांनी अंडी घालणेच सोडले आहे. गोठलेल्या वाळूत अंडी उबणार नाहीत. त्याऐवजी मादी गर्भ पोटात बाळगते, दिवसभर उन्हाच्या मागे फिरते आणि जिवंत पिलांना जन्म देते. ऊन फुकट मिळते, ते गोळा करण्याचे कौशल्य तेवढे लागते, आणि ते या प्राण्यांनी कमावले आहे. त्याला गुलामी म्हणणे मला पटत नाही.

अजगराचे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात काटकसरीची दुसरी बाजू दिसते. वापरात नसलेली यंत्रणा बंद करून टाकण्याची क्षमता ती. आपले जठर आणि आतडे जेवण असो नसो, कायम तयार स्थितीत असतात. ब्रह्मी अजगराचे तसे नाही. स्टीफन सीकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांनुसार उपाशी अजगराचे आतडे आक्रसलेले आणि जठरातले आम्ल जवळजवळ थांबलेले असते. मोठे भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत आतड्याचे वजन दुप्पट होते, जठरात तीव्र आम्ल स्रवू लागते आणि शरीराचा ऊर्जावापर चाळीस पटींपर्यंत चढतो. हृदयाच्या जवनिकेचे, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचे, वजन अवघ्या ४८ तासांत सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते, असे २००५मध्ये दिसून आले. पचन संपले की सारे पुन्हा आवरले जाते. एरवी उष्णतेवर दमडी न खर्चणारी ही जात एका कामासाठी मात्र हात सैल सोडते. अंड्यांभोवती वेटोळे घातलेली मादी आपले स्नायू लयीत आकुंचित करून, जणू कुडकुडत, अंड्यांना परिसराहून कित्येक अंश अधिक ऊब देते. आपल्या भारतीय अजगराची मादीही हेच करते. म्हणजे उष्णता निर्माण करण्याची क्षमता या शरीरांत आहेच, ती कायमची चालू ठेवलेली नाही इतकेच. लेदरबॅक हे महाकाय समुद्रकासव तर थंड पाण्यात आसपासच्या पाण्याहून १८ अंशांपर्यंत अधिक उबदार राहिल्याची नोंद आहे.

हृदयाबद्दलही असाच गैरसमज आहे. बेडूक, साप, सरडे आणि कासवे यांच्या हृदयात जवनिकेचे पूर्ण दोन भाग झालेले नाहीत, त्यामुळे शुद्ध आणि अशुद्ध रक्त काहीसे मिसळते, आणि पुस्तकांत हा दोष म्हणून नोंदला जातो. पण पाण्याखाली गेलेल्या कासवाला फुप्फुसांकडे रक्त पाठवून काय मिळणार? ते रक्त फुप्फुसांना वळसा घालून शरीराकडेच परत पाठवता येणे हीच तिथली सोय आहे. मगरीच्या हृदयाचे तर आपल्यासारखे चार पूर्ण कप्पे आहेत, तरीही फुप्फुसे टाळण्याची वाट तिने रक्तवाहिन्यांमध्ये राखून ठेवली आहे. चार कप्पे बनवता येत असूनही जी शरीररचना ही पळवाट सोडत नाही, तिला मागासलेली म्हणण्याआधी विचार करायला हवा.

तापमानाइतकाच मोठा प्रश्न पाण्याचा. घरातल्या भिंतीवरच्या पालीची विष्ठा नीट पाहिली तर काळ्या लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे पालीचे मूत्र. प्रथिनांच्या पचनातून निघणारे नायट्रोजनचे टाकाऊ द्रव्य आपण युरियाच्या रूपात, पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. पाल ते यूरिक आम्लाच्या रूपात, जवळजवळ कोरडे टाकते आणि पाणी शरीरातच राखते. खवल्यांची कातडी आणि हे कोरडे मूत्र यांच्या बळावर सरीसृप वाळवंटात पसरले. कोकणच्या तापलेल्या कातळावर दगडाखाली दिवस काढणारे फुरसेही याच बळावर तिथे टिकते. बेडकाची गोष्ट उलटी. त्याची कातडी पाण्याला इतकी मोकळी असते, की तो तोंडाने पाणी पीतच नाही; ओल्या जागी बसून पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून ते शोषून घेतो. याच कातडीतून तो श्वासही घेतो. सॅलमँडरांच्या सर्वांत मोठ्या कुळाला तर फुप्फुसेच नाहीत. पण ज्या दारातून पाणी आणि प्राणवायू आत येतात, त्याच दारातून उन्हाळ्यात पाणी बाहेरही जाते.

त्यावर बेडकांनी शोधलेल्या वाटा फार निरनिराळ्या आहेत. दक्षिण अमेरिकेतला एक झाडबेडूक कातडीतून मेणासारखा स्राव काढून पायांनी तो अंगभर चोळतो आणि सरड्याप्रमाणे यूरिक आम्ल टाकतो. पावसाळ्यात आपल्या न्हाणीघरांत आणि विहिरींच्या कठड्यांवर दिसणारा साधा झाडबेडूकही आपल्या स्निग्ध स्रावाने अंग पुसून घेतो, हे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला एक बेडूक मूत्राशयात पातळ मूत्र साठवून जमिनीत शिरतो, कात टाकतो पण ती अंगावरून उतरवत नाही, आणि अशा थरांची पिशवी करून तिच्यात पावसाची वाट पाहतो. तिथल्या आदिवासींना हे बेडूक खणून काढून त्यांतले पाणी पिण्याची रीत पूर्वापार ठाऊक आहे. अशा निद्रेत त्याचा ऊर्जावापर आधीच्या कमी पातळीहूनही ७० ते ८० टक्क्यांनी उतरतो. महाराष्ट्रातही मागच्या पायांवरच्या फावड्यासारख्या उंचवट्यांनी जमीन खणून, उलट्या चालीने खाली जाणारे बेडूक आहेत. वळवाचा किंवा मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की एका रात्रीत डबक्याभोवती जी दाटी होते, ती कुठून आली असे वाटते. ती तिथेच होती, पायांखाली, महिनोन्‌महिने. बहुतेक सस्तन प्राण्यांना अशी वाट पाहणे परवडले नसते.

समुद्रात हाच प्रश्न मिठाचा होतो. सरीसृपांच्या मूत्रपिंडाला रक्ताहून खारट मूत्र बनवता येत नाही, त्यामुळे समुद्रात राहायचे तर मीठ टाकण्याची वेगळी सोय हवी. समुद्रकासवांची ती सोय डोळ्यांजवळच्या ग्रंथीत आहे, हे क्नुट श्मिट-निल्सन आणि रॅग्नार फँगे यांनी १९५८मध्ये दाखवले. किनाऱ्यावर अंडी घालताना कासवीण रडते असे आपण समजतो. ते अश्रू समुद्राच्या पाण्याच्या सुमारे दुप्पट खारट असतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या अशा ग्रंथी जिभेवर, तर समुद्रसापाच्या जिभेखाली सापडल्या. तरी समुद्रसापाला खारे पाणी पिऊन तहान भागवता येत नाही. पिवळ्या पोटाचा समुद्रसाप कोरड्या ऋतूत तहानलेलाच राहतो आणि पावसानंतर समुद्राच्या पृष्ठभागावर काही वेळ तरंगणाऱ्या गोड्या पाण्याचा थर पितो. उभयचरांना तर समुद्र बहुतेक बंदच आहे, पण आग्नेय आशियातल्या खारफुटीत राहणारा खेकडे खाणारा बेडूक आपल्या रक्तात भरपूर युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी तोल राखतो. शार्क मासेही हेच करतात.

आणि थंडीची परिसीमा. अलास्कातला वूडफ्रॉग हिवाळ्यात पाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो. शरीरातल्या पाण्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग बर्फ होतो, हृदय थांबते, श्वास थांबतो. गोठायला लागताच यकृतातून रक्तात ग्लुकोजचा लोंढा सुटतो, तो पेशींच्या आत पाणी धरून ठेवतो आणि बर्फ पेशींच्या बाहेरच राहते. उणे १८ अंशांपर्यंतची थंडी सोसून, सहा महिन्यांहून अधिक काळ गोठलेले हे बेडूक वसंतात पुन्हा चालू लागल्याची नोंद २०१४ची आहे. उत्तर अमेरिकेतले पेंटेड टर्टल गोठलेल्या तळ्याच्या तळाशी तीन महिन्यांहून अधिक काळ प्राणवायूशिवाय काढते. त्या काळात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाला कवचातले कार्बोनेट निष्प्रभ करते. कवचाकडे आपण चिलखत म्हणून पाहतो, पण ते रासायनिक कोठारही आहे. मेंदूला चार मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर आपली काय अवस्था होते, हे या ठिकाणी आठवायला हवे.

या रीतीला मर्यादा आहेत, आणि त्या लपवून चालणार नाही. सरडा वेगाने पळतो पण लवकर थकतो, कारण त्याची धाव बहुतांशी प्राणवायूविना चालणाऱ्या स्नायूक्रियेवर असते. घोरपडीसारखे काही अपवाद सोडले तर लांब पल्ल्याची दौड या प्राण्यांना जमत नाही. थंड रात्री शिकार करणे, ध्रुवीय हिवाळ्यात जागे राहणे, हजारो किलोमीटर न थांबता उडणे, हे उष्ण रक्ताच्या प्राण्यांचेच क्षेत्र आहे. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर आज एकही बेडूक किंवा साप नाही. पण यातून श्रेष्ठकनिष्ठ ठरत नाही. एका रीतीने सतत हालचालीचा हक्क भरमसाट अन्नाच्या मोबदल्यात घेतला, दुसरीने अन्नाची गरज इतकी घटवली की दुष्काळ, हिवाळा आणि उपासमार नुसते थांबून ओलांडता यावेत. पृथ्वीवर दोन्ही रीती कोट्यवधी वर्षे शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

सर्वांत अवघड आक्षेप निराळाच आहे. हे प्राणी इतके समर्थ असतील, तर आज पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत सर्वांत मोठे संकट त्यांच्यातल्या उभयचरांवरच का? २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले. अधिवास नष्ट होणे हे त्यातले मोठे कारण आहेच. पण काही कारणे थेट या शरीरांच्या रचनेतच घाव घालतात. कायट्रिड बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते. माणसाला कातडीचा असा रोग खाजेपुरता राहिला असता. बेडकाच्या कातडीतून मात्र क्षारांची ने-आण चालते. रक्तातले सोडियम आणि पोटॅशियम घसरत जाऊन शेवटी हृदय बंद पडते, हे जेमी व्हॉइल्स आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवले. मेक्सिकोत बॅरी सिनर्वो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काटेरी सरड्यांच्या २०० ठिकाणांची पुन्हा पाहणी केली, तेव्हा १९७५नंतर १२ टक्के ठिकाणांहून ते नाहीसे झालेले आढळले. सरडे उन्हाने भाजून मेले नव्हते. विणीच्या हंगामात ऊन इतके लवकर चढू लागले होते, की त्यांना दिवसाचा अधिक वेळ सावलीत लपून काढावा लागला आणि पिलांना जन्म देण्याइतके अन्न मिळवायला तासच उरले नाहीत.

काटकसरीचा हिशेब नेमका इथे उलटतो. बाहेरून उष्णता घेणाऱ्या शरीरात तापमान दहा अंशांनी वाढले की ऊर्जावापर साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, म्हणून आधीच गरम असलेल्या उष्ण कटिबंधात एकेक अंशाची वाढ थंड प्रदेशातल्या तेवढ्याच वाढीपेक्षा महाग पडते. जमिनीखाली पावसाची वाट पाहणाऱ्या बेडकाची सगळी भिस्त त्याच्या मंद चयापचयावर असते. जमीन अधिक तापली आणि पाऊस लांबला, तर साठवलेली चरबी नेहमीपेक्षा वेगाने आणि नेहमीपेक्षा अधिक दिवस जळत राहणार. म्हणूनच सह्याद्रीच्या सड्यांवरचा एखादा चिरेखाणीचा खड्डा किंवा बुजवलेले डबके यांचा विचार केवळ हिरवाईच्या दृष्टीने करून भागत नाही. ओलसर, थंड माती हा या प्राण्यांच्या शरीरक्रियेचाच एक भाग आहे.

तापमान पुढच्या पिढीचे लिंगही ठरवते. मद्रास क्रोकोडाइल बँकेत आपल्या नद्यांमधल्या मगरीची अंडी वेगवेगळ्या तापमानांत उबवून पाहिली, तेव्हा २८ ते ३१ अंशांत फक्त माद्या निपजल्या, ३२.५ अंशांत फक्त नर, आणि ३३ अंशांत पुन्हा दोन्ही. १९८९मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुद्रकासवांत क्रम सरळ आहे: वाळू गार असेल तर नर, तापलेली असेल तर माद्या. ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या लहान पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८मध्ये आढळले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळाससारख्या गावांत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी गावकरी आणि कार्यकर्ते किनाऱ्यावरच्या हॅचरीत हलवतात, कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखतात आणि पिले समुद्रात सोडतात. हे काम मोलाचे आहे. त्यात खड्ड्याची खोली, वाळूवरची सावली आणि वाळूचे तापमान यांची रोजची नोंद तितक्याच आस्थेने झाली पाहिजे, कारण कोकणच्या किनाऱ्यावरून समुद्रात गेलेल्या पिलांत नर किती आणि माद्या किती, हे त्या सात-आठ आठवड्यांतल्या एक-दोन अंशांवर ठरून गेलेले असते.